साखर सुशील टाकायचा

११ जानेवारी, रविवार

सकाळी मिनलवहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "भाऊजी, तो बिअरचा जार तुम्ही घेऊन जा. हे गेले तेव्हापासून बाबा त्याच्यासमोरच बसून राहतात. बोलत नाहीत, काही नाही. नुसते पाहून राहतात."

हे म्हणजे सुशील. बाबा म्हणजे त्याचे वडील, ताराचंदकाका. भिवापूरला त्यांची मिरचीची शेती आहे. तीन तारखेला पहिल्या पाळीत कंपनीतच सुशीलच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. एकेचाळीस वर्षांचा होता. काका त्याच दिवशी आले, ते अजून हिंगणा रोडच्या त्याच्या घरीच आहेत.

गाडी घेऊन गेलो. जार मागच्या खोलीत खिडकीखाली होता, जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला. झाकणावरच्या नळीतलं पाणी शांत होतं. बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघांनी जव शिजवून त्याच्या पाण्यात यीस्ट सोडलं होतं. एवढ्या थंडीतही काम वेळेत झालं. चांगली गोष्ट आहे.

काका खाटेवर बसले होते. मी नमस्कार केला. त्यांनी जारकडे बोट केलं.

"हे काय हाय?"

"बिअर आहे, काका. अजून तयार नाही. बाटल्यांमध्ये भरावी लागते."

"म्हंजे दारूच ना?"

मी हो म्हणालो. 

वीस लिटरचा जार एकट्याला उचलवत नाही. वहिनी पुढे झाल्या, मी नको म्हणालो आणि कसाबसा गाडीपर्यंत नेला. पुढच्या सीटवर ठेवला. हिंगण्याहून लकडगंज म्हणजे अख्खं शहर ओलांडणं. तळाचा गाळ ढवळला जाऊ नये म्हणून प्रत्येक गतिरोधकावर गाडी जवळजवळ थांबवत आणली.

वैदेही मदतीला खाली आली होती. दार उघडून म्हणाली, "ऋषी, तू जारला सीटबेल्ट लावलास?"

मी म्हटलं, नाही तर सांडला असता. ती माझ्याकडे बघतच राहिली. त्यात बघण्यासारखं काय होतं कोण जाणे.

कंपनीने नव्या वर्षाची डायरी दिली आहे, कोरीच पडली होती. या बॅचची नोंद कुठेतरी राहावी म्हणून लिहून ठेवतो.

१२ जानेवारी, सोमवार

जार बैठकीच्या कोपऱ्यात ठेवला आहे. वैदेही म्हणाली, "हे कायद्यात बसतं का रे? घरी बिअर करणं?" नाही बसत. म्हणूनच आम्ही कधी कुणाला सांगितलं नाही, विकली नाही, सोसायटीत वाटली नाही. दोघांपुरती होती. ती म्हणाली, "ओतून टाक मग." मी म्हटलं, बघू.

सुशीलची आणि माझी ओळख कंपनीच्या बसमधली. तो मेंटेनन्सला, मी स्टोअर्सला. आठ वर्षं एकाच सीटवर बसून गेलो. एकदा बसमध्येच तो म्हणाला, "ऋषीभाऊ, बिअर म्हंजे आंबवलेलं जवाचं पाणी. आपल्याले काहून नाही जमणार?" पहिल्या बॅचला वास आला ओल्या पोत्याचा. दुसरी आम्ही शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो. मग दर हिवाळ्यात दोन-तीन वेळा. नागपूरच्या उन्हाळ्यात यीस्ट भाजून निघतं, म्हणून फक्त हिवाळ्यात.

१५ जानेवारी, गुरुवार

भिवापूरला तेरवी. वैदेहीला शाळेतून रजा मिळाली नाही, एकटाच गेलो.

पंगत उठत होती. काका चार-पाच लोकांसोबत मांडवाच्या तोंडाशी उभे होते. मी निरोप घ्यायला गेलो तर त्यांनी माझ्याकडे हात केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हाच थो. याच्यासंगंच बसून पेत होता दर रविवारी. माह्या पोराले याच्या दारूनं खाल्लं."

कुणीतरी म्हणालं, "ताराचंदभाऊ, जाऊ द्या." वहिनी दारातून धावत आल्या. मी काय बोललो ते आठवत नाही.  हात जोडले आणि गाडीत येऊन बसलो.

उमरेडला चहा घेतला. रविवारी बाटल्या भरून टाकायच्या. जास्त दिवस गाळावर ठेवली की चव बिघडते.

१८ जानेवारी, रविवार

बाटल्या भरल्या.

रिकाम्या बाटल्या आमच्याकडे साठवलेल्या होत्याच, लकडगंजच्या भंगारवाल्याकडून आणून लेबलं काढलेल्या. सगळ्या गरम पाण्याने धुतल्या, औषधाच्या पाण्यातून काढल्या, उलट्या ठेवल्या. जार ओट्यावर, बाटल्या खाली स्टुलावर, मधे नळी. नळीचं टोक बाटलीच्या तळाला टेकवायचं, म्हणजे हवा मिसळत नाही. बाटली भरत आली की नळी चिमटायची. मग झाकण ठेवून कॅपर दाबायचा. कॅपर सुशीलने स्वतः बनवलेला आहे, एका जुन्या ड्रिलिंग मशीनच्या स्टँडपासून. दांडा जरा उजवीकडे ओढतो. तो मला नेहमी सांगायचा, "डाव्या खांद्यानं दाब, भाऊ, डाव्या खांद्यानं."

एकट्याला जमत नाही हे खरं. नळी धरली की बाटली निसटते. दोन बाटल्या उतू गेल्या. वैदेही दारात उभी राहून म्हणाली, "मी धरू का?" मी म्हटलं, तुला माहीत नाही ते कसं असतं. ती आत गेली. नंतर वाटलं, जरा तुटक बोललो.

रंग छान आला आहे. जुन्या गुळासारखा. आता दोन आठवडे ऊबदार जागी ठेवायच्या, की आत फेस धरतो. कपाटात चादरींच्या खाली रचल्या आहेत.

२३ जानेवारी, शुक्रवार

बसमध्ये एक नवा मुलगा, ट्रेनी, माझ्या शेजारी बसायला आला. सीटवर डबा होता. मी म्हटलं, कुणी आहे. तो पुढे गेला. बोलून गेलो, सवय आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

दोन आठवडे झाले. एक बाटली काढली, अर्धा दिवस फ्रिजमध्ये ठेवली. वैदेहीने दोन ग्लास काढले होते. झाकण उघडलं.

आवाजच नाही.

फस्स व्हायला हवं असतं. बारीक का होईना. ओतली तर थंड काढ्यासारखी ग्लासात पडली, फेस नाही, बुडबुडा नाही. दुसरी उघडली. तीच गत. वाटलं, थंडी जास्त म्हणून यीस्ट झोपलं असेल. गेल्या आठवड्यात पारा आठवर होता. मग ग्लास हातात धरून बसलो असताना लक्षात आलं.

बाटलीत भरण्याआधी साखरेचा पाक घालायचा असतो. लिटरला चमचाभर. उरलेलं यीस्ट तेवढी साखर खातं, त्याचा वायू होतो, झाकण बंद असल्याने वायू बाटलीतच राहतो. एवढी साधी गोष्ट. मीच ती लोकांना समजावून सांगू शकतो. पण मी घातलीच नाही.

साखर सुशील टाकायचा. मी बाटल्या धूत असायचो तेव्हा तो गॅसवर पाक करत असायचा. आठ वर्षांत मी एकदाही पाक केला नाही.

वैदेही म्हणाली, "असू दे रे." मी उरलेलं बेसिनमध्ये ओतलं.

८ फेब्रुवारी, रविवार

वहिनींकडे गेलो होतो. थर्मामीटर आणायचा होता. न्हाणीघरातला नळ ठिबकत होता, वायसर बदलून दिला. वहिनी पॅथॉलॉजी लॅबमध्ये पुन्हा कामावर जाऊ लागल्या आहेत. काका गावाला गेले. मिरची तोडणीची वेळ आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

वहिनींकडे. त्यांनी चहा दिला. म्हणाल्या, "आज काय न्यायचं आहे, भाऊजी?"

मी म्हटलं, थर्मामीटर.

"तो तर तुम्ही मागच्याच रविवारी नेला."

खरंच की. विसरलो होतो. मग म्हटलं, आलोच आहे तर पंख्यांना तेल घालतो, उन्हाळा येतोच आहे. त्यांनी स्टूल आणून दिलं. मी वर चढलो असताना त्या खालून म्हणाल्या, "काही न्यायचं नसलं तरी येत जा." वहिनींना एकटं वाटत असणार. जात जाईन.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

वैदेहीशी भांडण. तिला कपाट हवं आहे, चादरी काढायच्या आहेत. म्हणाली, एकतर साखर घाल, नाही तर फेक. मी म्हटलं, एकेक बाटली उघडून पाक घालायचा आणि लगेच पुन्हा झाकण दाबायचं, हे दोन माणसांचं काम आहे.

"मग मी आहे ना! मी घालते साखर."

"तुला प्रमाण माहीत नाही."

"तुला माहीत आहे?"

 ती बाजूला येऊन बसली. "ऋषी, तू अजून एकदाही रडला नाहीस. भीती वाटते मला."

भीती कसली? मी रोज कामावर जातो, जेवतो, झोपतो. वजनही कमी झालेलं नाही. उगाच काळजी करते.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते सविस्तर लिहितो.

वैदेही सकाळीच तिच्या आईकडे गेली होती. मी ठरवलं, एकट्यानेच करून टाकू. पाक करून थंड केला. बाटल्या काढल्या. चार झाल्या असतील, तेवढ्यात बेल वाजली. दारात ताराचंदकाका. हातात कापडी पिशवी, खांद्यावर दुपट्टा. वहिनींकडून पत्ता घेऊन, मेट्रोने आणि मग चालत आले होते. काल कळमन्याच्या बाजारात मिरची विकली, रात्री वहिनींकडे थांबले.

मला आधी तेरवीचा मांडवच आठवला. म्हटलं, "या काका."

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. लाल मिरची, यंदाची. मग उभे राहूनच म्हणाले, "मिनलनं समजावून सांगतलं मले. डॉक्टर म्हणे, रक्ताची नळी कधीचीच बंद होत आली होती. दारूचं काही नव्हतं त्यात."

मी पिशवी खाली ठेवली.

"मी तुले माफी मांगाले नाही आलो गा," ते म्हणाले. "मले पाहाचं हाय. माहा पोरगा दर रविवारी काय करे, थे मले दाखव."

स्वयंपाकघरात सगळा पसारा मांडलेला होता, लपवायला जागाच नव्हती. काका स्टुलावर बसले. मी दाखवलं. झाकण काढायचं, चमच्याने पाक घालायचा, नवं झाकण ठेवायचं, दाबायचं. त्यांनी दोन-तीन बाटल्या नुसतं पाहिलं. मग उठून बेसिनवर हात धुतले, दुपट्ट्याला पुसले, आणि चमचा माझ्या हातातून घेतला.

"थ्या मशीनवर तू राय. हे मी करतो."

काम एकदम सरळ होऊन गेलं. ते पाक घालायचे, मी दाबायचो. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पेऊन पडे का थो?"

"नाही हो काका. एक ग्लास घ्यायचा. फार तर दोन. मग वहिनींनी केलेली भाजी-भाकर खायची आणि पंख्याखाली झोप."

"मंग एवढ्या बाटल्या?"

"तोंडाने कमी पीत होतो, हाताने जास्त करत होतो. त्याला करण्यातच मजा यायची. एकदा तर त्याने तुमची मिरची घातली होती."

काकांचा हात थांबला. "कशात?"

"एका बाटलीत. म्हणाला, बाबांच्या मिरचीची बिअर करून पाहू. दोन अख्ख्या मिरच्या टाकल्या. महिनाभराने उघडली. पहिल्या घोटालाच दोघांच्या डोळ्यांतून पाणी. तो नाचत नाचत अंगणात गेला आणि नळाला तोंड लावून बसला. वर म्हणतो कसा, 'भाऊ, बाप येऊन थोबाडीत देऊन गेला!'"

काका हसले. आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्याने. "लहानपणी थो मिरचीच्या ढिगावर झोपे," ते म्हणाले. "अंगाले आग होये, तरी उठे नाही. त्याची माय बोंबले." ते हसतच होते आणि हसता हसता त्यांनी दुपट्टा तोंडावर घेतला. मी कॅपरचा दांडा धरून उभा होतो. काय करावं सुचेना. एक झाकण दाबून टाकलं.

मग त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "हे साखर कायले टाकतात? गोड होते का?"

"गोड होत नाही. यात यीस्ट असतं, बारीक जीव असतात. ते साखर खातात आणि वायू सोडतात. त्याचा फेस होतो."

"म्हंजे त्यात आतापण जीव हाय?"

"हो. असायला हवेत."

"कोणं टाकले?"

"सुशीलनेच. पाकीट त्याने फाडलं होतं."

काका बराच वेळ हातातल्या बाटलीकडे बघत राहिले. उजेडाकडे धरून पाहिली. त्यानंतर मात्र त्यांचं प्रमाण बिघडलं. चमचा शिगोशीग भरायला लागले, काही बाटल्यांत तर दोन-दोन चमचे घातले. वयामुळे लक्ष राहिलं नसेल. मी सांगायला हवं होतं, कारण जास्त साखर म्हणजे जास्त वायू आणि बाटली फुटू शकते. पण ते इतक्या हळुवारपणे ओतत होते, एक थेंबही बाहेर सांडू न देता, की मला अडवावंसं वाटलं नाही.

जाताना त्यांनी एक बाटली मागितली. मी सांगितलं, निदान तीन आठवडे उघडू नका. त्यांनी ती दुपट्ट्यात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली.

पाक पुरला नाही, शेवटच्या चार-पाच बाटल्यांसाठी पुन्हा करावा लागला.

४ मार्च, बुधवार

धुलिवंदन. सुट्टी. आम्ही कुठे गेलो नाही. वैदेहीने पुरणपोळ्या केल्या, वहिनींना डबा देऊन आलो. ऊन वाढलं आहे. बाटल्या कपाटातून काढून मागच्या बाल्कनीत, सावलीला पोत्याखाली ठेवल्या.

१५ मार्च, रविवार

कालचं आज लिहितो. काल लिहायला डायरी जवळ नव्हती.

काल दुपारी जेवत होतो. बाल्कनीत सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला. धावत गेलो तर पोत्याच्या चिंध्या झालेल्या, भिंतीवर फेस आणि सगळीकडे काच. वैदेही पुढे जाऊ लागली, तिला मी ओढून मागे घेतलं. आत येऊन दार लावलं तेवढ्यात दुसरी फुटली. बाहेर पारा चाळिसाला टेकला होता.

जाडजूड गोधडी अंगावर घेऊन, हेल्मेट घालून मी बाहेर गेलो. एकेक बाटली टॉवेलात धरून आत आणायची आणि वैदेहीने बर्फाच्या बादलीत ठेवायची. तिने एकही पडू दिली नाही. शेवटची ठेवली आणि ती म्हणाली, "एवढी साखर कुणी घातली?"

मी म्हटलं, "काकांनी." आणि तोंडातून शब्द गेल्याबरोबर आठवलं. एक बाटली काकांकडे आहे.

फोन लावला. लागेना. वहिनींना लावला, त्या म्हणाल्या, बाबा दुपारी शेतात असतात, फोन घरीच पडलेला असतो. कुठे ठेवली असेल त्यांनी? देवाजवळ? उशाशी? म्हातारा माणूस, रोज हातात घेऊन बघत असणार. वैदेहीने गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. "तू जा. इथलं मी बघते."

उमरेडपर्यंत कोळशाच्या ट्रकमागून जावं लागलं. दर दहा मिनिटांनी फोन लावत होतो. एका माणसाला मी याआधी घाईने बघायला गेलो होतो आणि पोचलो तेव्हा दवाखान्याच्या दारात कंपनीचे लोक खाली मान घालून उभे होते. तेच डोक्यात येत होतं. 

भिवापूरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. अंगणभर मिरची पसरलेली, तिच्यामुळे डोळे चुरचुरले. काका ओसरीवर बसून दोर वळत होते. धडधाकट. मला पाहून उठले.

"काय झालं गा? तोंड काहून असं झालं?"

"बाटली कुठे आहे, काका?"

त्यांनी मला घरात नेलं. माठाच्या खाली वाळू होती, ओली. बाटली गळ्यापर्यंत तिच्यात पुरलेली, वर ओलं फडकं. "मिनल म्हणे, थो नेहमी थंड्या जागेत ठेवे," ते म्हणाले. "माह्या घरी फ्रिज नाही. मी रोज दोनदा पाणी टाकतो. कधी बुडबुडे येतात आत, कधी नाही येत."

मी तिथेच माठाशेजारी बसलो.  त्यांना बाकीच्या बाटल्यांचं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"माह्यानं साखर जास्त झाली."

"झाली थोडी."

"मले वाटलं..." ते थांबले. "मले वाटलं, उपाशी राहू नये."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्या दिवशी चमचा का भरत होता ते. लक्षात आलं आणि मला त्यांच्याकडे बघता येईना.

बाटली ठेवणं धोक्याचंच होतं. मी ती फडक्यात धरून अंगणात नेली, तोंड बाहेरच्या बाजूला केलं आणि किल्लीच्या जुडग्यातला ओपनर अगदी हळू उचलला. फस्स झालं आणि मग थांबेचना. फेसाचा झोतच निघाला, माझा शर्ट भिजला, काकांच्या पायावर उडाला, मिरचीवर पडला. काका दोन पावलं मागे सरले आणि हात वर करून ओरडले, "अबे, लय जोर हाय गा यात!"

निम्मी जमिनीत गेली. निम्मी उरली. काका आत जाऊन स्टीलचा ग्लास घेऊन आले. स्वतः धुऊन आणलेला, पाणी निथळत होतं.

"पे."

"तुम्ही?"

"मी आयुष्यात नाही पेलो, आता कायले? तू पे. तुह्या दोस्तानं केली ना? मी बसतो तुह्याजवळ."

आम्ही ओसरीवर बसलो. मी घोट घेतला. गॅस फार होता, कडवटपणा जास्त होता, आणि मागून एक आंबट छटा होती जी नको होती. पण बिअर होती. आमचीच होती. दुसऱ्या कुठल्या बाटलीतून दिली असती तरी मी डोळे मिटून ओळखली असती.

"जमली का?" काकांनी विचारलं.

मला सांगायचं होतं की गॅस जास्त झाला, पुढच्या वेळी पाक मोजून घालू, यीस्ट बदलून पाहू. तोंड उघडलं, पण ते बोलणं निघालंच नाही. जे निघालं त्याचा आवाज मला माझा वाटला नाही. ग्लास हातातून पडेल म्हणून काकांनी तो घेतला आणि खाली ठेवला. त्यांनी मला गप्प केलं नाही, समजावलं नाही. नुसता पाठीवर हात ठेवला आणि समोरच्या मिरचीकडे बघत बसले. शेजारची एक बाई कुंपणापाशी येऊन थबकली, तर तिला म्हणाले, "काही नाही वं. सुशीलचा दोस्त हाय. रडू दे त्याले."

उन्हं गेली तोवर मी तसाच बसून होतो. मग काकांनी ग्लास पुन्हा माझ्या हातात दिला. "पुरी पे. टाकू नको."

पूर्ण प्यायलो.

जायला निघालो तर त्यांनी किल्ली काढून घेतली. "पेऊन गाडी नाही चालवाची. इथंच राय." त्यांनी स्वतः पिठलं केलं, भाकरी केल्या. त्यांची भाकरी वहिनींच्या भाकरीपेक्षा जाड असते.

जेवणाआधी वैदेहीला फोन केला. तिने विचारलं, काका बरे आहेत ना? मी म्हटलं, हो. बाटल्यांचं तिने सांगितलं. वहिनी आल्या होत्या, दोघींनी मिळून बर्फ बदलला, तेवीस शाबूत आहेत. मग म्हणाली, "तुझा आवाज असा काहून येऊन राहिला?"

मी म्हटलं, "वैदेही, सुशील गेला."

ती म्हणाली, "हो रे."

"गेला तो."

"हो."

  काकांनी पानं वाढून हाक मारेपर्यंत दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.